आन्सेल्मचा उजवा हात

आन्सेल्म गेरिनोचा उजवा हात त्याच्या सख्ख्या भावानं लोखंडी दारात चिरडला, तेव्हा मी खाली जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि माझ्या कपाळातून रक्त गळत होतं. गावात आजही म्हणतात की झटापटीत चुकून दार लागलं. चुकून दार एकदा लागतं. हे चार वेळा लागलं. मी ऐकलंय.

मी मार्सेलिन. ला ब्रुसिएरच्या ‘एडन’ सिनेमात बावीस वर्षं तिकीटबारीवर बसले. मी खाली काचेच्या पेटीत, आन्सेल्म वर मशीनच्या खोलीत. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, आवाज इतका हळू की दुकानात त्याला ब्रेड मागावा लागला तर तीन गिऱ्हाइकं त्याच्या पुढं जाऊन यायची. गावात कुणी त्याला नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणायचे, ‘हातवाला’.

या नावाचं मूळ पाद्रीबुवांच्या हॉलमध्ये आहे. एडनमध्ये येण्याआधी आन्सेल्मनं सतरा वर्षं चर्चच्या मालकीच्या सिनेमात मशीन चालवलं. आमच्या व्हांदे भागात तेव्हा प्रत्येक मोठ्या गावात असा एक हॉल असे. शनिवारी पाद्रीबुवा सिनेमा एकटे बघत, मोठ्या कष्टानं, शेवटपर्यंत, आणि मग आन्सेल्मच्या हातात चिठ्ठी देत. चिठ्ठीत लिहिलेलं असे: ‘तिसरं रीळ. बाई दार लावते तिथून पुढं, दोन प्रार्थना.’ याचा अर्थ असा की बाईनं दार लावलं की आन्सेल्मनं उजव्या हाताचा पंजा भिंगासमोर धरायचा, मनातल्या मनात मेरीमातेची प्रार्थना दोनदा म्हणायची आणि मग हात काढायचा. तेवढा वेळ पडदा काळा. खाली पोरं शिट्ट्या मारायची, बुटांनी जमीन बडवायची, “हात काढ, हातवाल्या!” म्हणून बोंबलायची. आन्सेल्मचा हात हलत नसे. आणि तो स्वतः मान फिरवून भिंतीकडं बघत उभा राही. नजर चुकून झरोक्यातून पडद्यावर जायला नको म्हणून. गाव बघू शकत नाही ते आपण कसं बघायचं, असं त्याचं म्हणणं. मला त्या चांगुलपणाचा इतका संताप यायचा, काय सांगू!

असा माणूस लग्न करून लेओन्तिनला घरी घेऊन आला. घर वडिलांचं. टेबलाच्या मुख्य खुर्चीत थोरला भाऊ फ्युल्जांस. तो बुटांच्या कारखान्यात मुकादम, विधुर, रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत. हातोडा आणि जपमाळ दोन्ही एकाच खिशात. लेओन्तिन माझी मैत्रीण. हसरी, गोरीपान, घेवड्याचे दाणे निवडतानासुद्धा गुणगुणणारी. अकरा वर्षं संसार झाला आणि एक दिवस ती मला म्हणाली, “मार्सेलिन, या माणसानं मला अजून पाहिलेलं नाही ग. दिवा मालवल्याशिवाय तो कोटसुद्धा काढत नाही.” ती हसत सांगत होती, म्हणून मीही हसले.

मग मी तिला ते पुस्तक दिलं. नाव कशाला सांगू, आमच्याकडं सगळे त्याला ‘ते’च म्हणायचे. एका बाईनं खोट्या नावानं लिहिलेलं. दुकानात मांडून ठेवायला बंदी, मागितलं तर गल्ल्याखालून काढून द्यायचे. मी ते नांत शहरातून आणलं, दोन रात्रीत वाचलं आणि लेओन्तिनला दिलं. तिनं त्याला तिच्या प्रार्थनापुस्तकाचं चामडी वेष्टण चढवलं. ते वेष्टण फ्युल्जांसनंच कारखान्यात शिवून तिला दिलं होतं. नेमकं त्यानंच ते एका रविवारी जेवणानंतर उचललं, आजच्या दिवसाची प्रार्थना वाचून दाखवतो म्हणून.

एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यानं तिथंच उघडलं. निळ्या झडपांची खोली, बाई पुरुषाला म्हणते दिवा राहू दे, अशा दोन ओळी त्यानं मोठ्यानं वाचल्या आणि तो थांबला. मग त्यानं विचारलं, “कुणी दिलं?”

लेओन्तिननं नाव सांगितलं नाही. माझं नाव. फ्युल्जांसनं कोपऱ्यातला बुटाचा लाकडी साचा उचलला आणि तिला मारलं. खांद्यावर, पाठीवर, मग तोंडावर. प्रत्येक फटक्यानंतर तोच प्रश्न. तिचे दोन दात टेबलावरच्या चीजच्या ताटलीत पडले. पुस्तक चुलीत गेलं. आणि आन्सेल्म? तो खुर्चीवरून उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मशीनच्या खोलीत राही तसाच. तिनं मला सांगितलं, त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं ती बसमध्ये चढली. बसथांब्यावर आन्सेल्म होता, मीही होते. ती त्याला म्हणाली, “पडद्यावरच्या बायकांसाठी इतकी वर्षं हात आडवा धरलास ना तू? मग माझ्यासाठी एकदा धरायचास की.” मग ती म्हणाली, “त्या पानावर काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग मला लिही. बघितलंस तर मी येईन. तोवर पत्र नको, काही नको.” ती ला रोशेलला गेली आणि एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला लागली.

हे एकोणसत्तर सालचं. आन्सेल्मनं प्रयत्न केला नाही असं नाही. तो नांतला गेला, दुकानात शिरला, गल्ल्यापाशी उभा राहिला आणि त्याच्या तोंडून त्या पुस्तकाचं नाव निघेना. मागं दोन बायका उभ्या होत्या. शेवटी गोड्या पाण्यातल्या माशांवरचं एक सचित्र पुस्तक विकत घेऊन तो परत आला. मला दाखवलं. मी त्याला मूर्ख म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. पण माझ्याकडून तरी कुठं घडलं? पुस्तक मी दिलं होतं, माझ्यापायी तिचे दात गेले, हे सांगायचं धाडस मला सहा वर्षं झालं नाही. मी त्याच्याहून शूर नव्हते, फक्त माझा आवाज मोठा होता.

पंच्याहत्तरमध्ये त्या पुस्तकावरचा सिनेमा आला. पॅरिसमध्ये रांगा, बिशपांची पत्रकं, कुठं काचा फुटल्या, कुठं महापौरानं आपल्या गावापुरती बंदी घातली. आमच्या महापौरानं बंदीचा कागद तयार ठेवला आणि सही केली नाही. त्याच्या बायकोला सिनेमा बघायचा होता असं म्हणतात. आमच्या मालकीणबाई, मादाम राबियेर, आन्सेल्मला म्हणाल्या, “तुम्हाला नको असेल तर मी दुसरा माणूस बोलावते.”

“मीच दाखवणार,” आन्सेल्म म्हणाला. “आख्खा.”

गुरुवारी भिंतीवर फोटो लागले. शुक्रवारी सकाळी प्रत्येक फोटोतल्या बाईचे डोळे चामडं कापायच्या सुरीनं काढलेले होते. शनिवारी माझ्या दारात मेलेला ससा, कातडं सोललेला, गळ्यात जपमाळ. माझ्या आईनं जपमाळ धुऊन घेतली आणि ससा पुरला. शनिवारीच संध्याकाळी फ्युल्जांस एडनमध्ये आला. सहा वर्षं दोघे भाऊ एकाच घरात राहत होते, एकाच भांड्यातलं सूप पीत होते आणि बोलत नव्हते.

“उद्या मशीन बिघडलं म्हणून सांग,” फ्युल्जांस म्हणाला.

“बिघडलेलं नाही.”

“नाहीतर मग हात धर. तुला कुणी नवं काही शिकवत नाहीये. जमतं ना तुला तेवढं?”

आन्सेल्मनं त्याच्याकडं पाहिलं. “निळ्या झडपांची खोली पाचव्या रिळात आहे,” तो म्हणाला. “ते मी उघडं सोडणार आहे.”

फ्युल्जांस जाताना मला म्हणाला, “आणि तू, टवळे, तू काचेमागं बसतेस, विसरू नकोस.”

रविवारी दुपारी तीनचा खेळ. साठ-सत्तर माणसं आली, निम्मी कॉलर वर करून, निम्मी बाहेरगावची. चौथं रीळ सुरू असताना चौकात गाणं ऐकू आलं. चर्चचं गाणं, चाळीस गड्यांच्या आवाजात. मी बाहेर पाहिलं. पुढं फ्युल्जांस, हातात बूट ठोकायची मोगरी. बाकीच्यांकडं दांडकी, सायकलच्या साखळ्या, पिशव्यांत बाटल्या. चौकाच्या पलीकडं दोन पोलीस सिगारेट ओढत उभे होते. त्यांनी आमच्याकडं पाठ केली.

पहिला दगड माझ्या काचेवर आला. काच माझ्या अंगावर कोसळली आणि कपाळापासून भुवईपर्यंत चिरलं. मी शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन बाहेर आले. मी काही साध्वी नाही. समोर आला त्याच्या, बेकरीवाल्याच्या मुलाच्या, गुडघ्यावर तो हाणला आणि तो कोकरासारखा ओरडत पडला. दुसऱ्याला मारणार तोच माझे केस कुणीतरी मागून धरले आणि मला दारुड्याला फरफटवतात तसं फरशीवरून ओढत नेलं. ते हॉलमध्ये घुसले. अमोनियाच्या बाटल्या खुर्च्यांवर फुटल्या. माणसं खोकत, ओकत, एकमेकांना तुडवत बाहेर पळाली. दारात बाकीचे गडी साखळ्या घेऊन उभे होतेच. बाहेर पडणाऱ्याच्या पाठीवर सपासप. एका म्हाताऱ्या शाळामास्तराचा कान लोंबकळत होता आणि तो कान हातात धरून “माझी टोपी, माझी टोपी” करत होता. आणि या सगळ्यावर पडद्यावर ती बाई शांतपणे गाडीत बसून कुठंतरी निघालेली.

मशीन चालूच होतं. पाचवं रीळ लागायचं होतं.

मशीनच्या खोलीला लोखंडी दार असतं, आगीच्या कायद्यानं. आतून कडी. ते फुटणारं नव्हतं, हे फ्युल्जांसला माहीत होतं. त्यानं मला जिन्याशी आणलं, माझं डोकं कठड्यावर आपटलं आणि वर पाहून हाक मारली, “आन्सेल्म! ही मरतेय इथं. मार्सेलिन मरतेय. की हिच्याही वेळी भिंतीकडं बघणार?”

मी ओरडले, “उघडू नकोस! मूर्खा, उघडू नकोस!”

कडी निघाल्याचा आवाज आला. त्यानं दार उघडलं आणि उजवा हात बाहेर काढला. मला वर ओढून घ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा तो हात कुणाला तरी वाचवायला आडवा झाला होता, आणि तो माझ्यासाठी, लेओन्तिनसाठी नाही. मला अजूनही ते नीट सोसत नाही.

फ्युल्जांसनं मला पायरीवर टाकलं, धावत वर जाऊन तो हात मनगटाशी धरला आणि खांद्यानं दार लोटलं. एकदा. “हात धर म्हटलं तर धरत नाहीस?” दुसऱ्यांदा. “सतरा वर्षं धरलास ना?” तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. आन्सेल्म किंचाळला नाही, त्यानं नुसता मोठा श्वास घेतला. मग फटीतून त्याचा डावा हात बाहेर आला. त्यात चिमटा होता आणि चिमट्यात शेजारच्या दुसऱ्या मशीनच्या दिव्यातून आत्ताच बदलून काढलेली, दिव्यात जळते ती कोळशाची कांडी, टोकाला लाल. ती त्यानं भावाच्या गालावर टेकवली आणि दाबली. मांस जळाल्याचा वास अमोनियातसुद्धा कळला. फ्युल्जांस उलटा पडला, माझ्या अंगावरून, सगळ्या पायऱ्या मोजत, खाली. खांद्याचं हाड मोडलं. मी हसले. हो, हसले.

दाराची कडी पुन्हा लागली. आणि रीळ बदललं. एक हात लोंबत असताना, एका हातानं, त्या माणसानं दुसरं मशीन लावलं. पडदा क्षणभरही पांढरा झाला नाही. खालच्या लोकांना आपला म्होरक्या तोंड धरून गुरासारखा लोळताना दिसला आणि त्यांचा जोर ओसरला. त्यांनी त्याला उचललं आणि ते गेले. मी भिंतीला धरून हॉलच्या दारात आले. अकरा माणसं उरली होती, रुमाल नाकाला लावून, डोळ्यांतून धारा, खुर्च्यांच्या मध्ये बसलेली. पाचवं रीळ सुरू झालं. निळ्या झडपांची खोली आली.

मी ते सगळं बघितलं, एका डोळ्यानं, दुसऱ्यात रक्त होतं. काळोख झाला नाही. हात आला नाही. मी तिथं दारात उभी राहून मोठ्यानं रडले.

चौथ्या दिवशी मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटले. कोपरापर्यंत प्लॅस्टर. मी जाताना कागद आणि पेन घेऊनच गेले होते.

“सांग,” मी म्हटलं. “मी लिहिते. ‘लेओन्तिन, मी बघितलं.’ पुढं?”

तो छताकडं बघत राहिला. “मार्सेलिन, तो प्रसंग साडेतीन प्रार्थनांएवढा आहे.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी पेन खाली ठेवलं. “तू डोळे मिटलेस?”

“हात मोडला होता ना,” तो म्हणाला. “हात वर जाईना. मग डोळे आपोआप मिटले. मी उघडायचा प्रयत्न केला ग. खरंच केला.”

मी त्याला वाट्टेल ते बोलले. नर्स येऊन बघून गेली. मग मी म्हटलं, मी बघितलंय, मी तुला सगळं सांगते, तू लिही की बघितलं, तिला काय कळणार आहे? तो म्हणाला, नको. मग मी तेही सांगून टाकलं, की पुस्तक माझं होतं. त्यानं मान हलवली. “माहीत आहे. त्यात खूण म्हणून एडनचं तिकीट होतं. ते खाली पडलं, फ्युल्जांसला दिसायच्या आधी मी उचललं.” सहा वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा.

शेवटी मी लिहिलं ते एवढंच: ‘लेओन्तिन, सिनेमा आख्खा दाखवला. मी बघितला नाही. डोळे मिटले. आन्सेल्म.’ डाव्या हातानं त्यानं खाली एक रेघ ओढली, तीच त्याची सही.

ती आली नाही. कोर्टात फ्युल्जांसनं शपथेवर सांगितलं की दार चुकून लागलं, आणि न्यायाधीशाला ते पटलं. आन्सेल्म वडिलांचं घर सोडून माझ्या आईच्या परसातल्या खोलीत राहायला आला. बोटं जुळली, पण वेडीवाकडी, एकमेकांपासून फाकलेली. मशीनचं काम गेलं. मार्चमध्ये ला रोशेलहून पार्सल आलं. चिठ्ठी नाही. आत ते पुस्तक, नवं कोरं, आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला.

आन्सेल्मला वाचायला फार वेळ लागे, एकेका शब्दावर बोट ठेवून. “तू वाच,” तो म्हणाला. दुपार होती. माझी आई बाहेर कपडे वाळत घालत होती. मी टेबलाशी बसले, तो शेजारी. दुमडलेलं पान उघडलं आणि मी पहिली ओळ वाचणार, तोच त्याचा उजवा हात उठला आणि पानावर येऊन पडला.

त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. तो स्वतःच त्या हाताकडं बघत होता, चोरी करताना सापडलेल्या माणसाच्या तोंडानं. मला वाटलं, ओरडावं. पण फाकलेल्या बोटांच्या मधल्या फटींतून अक्षरं दिसत होती. मी तेवढी वाचू लागले. अडखळत, जिथं बोट आडवं येईल तिथला शब्द सोडून. बाई म्हणते, दिवा राहू दे. पुरुष दिवा राहू देतो. ती उभी असते आणि तो तिच्याकडं बघतो. तिच्या पोटावर भाजल्याची जुनी खूण असते, ती तो बघतो. बराच वेळ बघतो. ती विचारते, काय बघतोस? तो म्हणतो, तुला. पान संपलं.

“पुढं?” आन्सेल्मनं विचारलं.

“पुढं सकाळ होते.”

“एवढंच?”

“या पानावर एवढंच.”

बाहेर आईनं चादर झटकली. आन्सेल्मनं भिंतीकडं मान फिरवली, आणि मग परत वळवली, माझ्याकडं.

“एवढ्यासाठी मारलं आम्ही तिला?” तो म्हणाला.

सहा वर्षं तो ‘फ्युल्जांसनं’ म्हणत आला होता.  त्यानं डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात धरला, उचलला, पानावरून बाजूला ठेवला आणि पहिल्या शब्दावर बोट टेकवून स्वतः वाचायला सुरुवात केली.